सहा ऋतू की सात? मॅलीच्या आकाशातलं पंचांग वाचताना

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात काही गफलत असेल तर लक्षात येईल. तुमची मुलगी मेलबर्नमध्ये सहावीत आहे. शाळेने ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींच्या ऋतुकॅलेंडरवर प्रकल्प दिलाय. तुम्ही शोधायला बसलात तर तीन कॅलेंडरं हाती आली. एकात सहा ऋतू, दुसऱ्यात सात, तिसऱ्यात पुन्हा सहा, पण नावंही वेगळी आणि महिनेही. तुम्हाला विचारायचंय की यातलं खरं कुठलं, ‘ताऱ्यांवरून ऋतू ओळखत’ म्हणजे कुठला तारा कुठल्या तारखेला, आणि हे आपल्या मृग-आर्द्रासारखंच आहे का.

माझ्या मते तुमची खरी अडचण वेगळीच आहे. शाळेने दिलेल्या कागदावर बारा महिन्यांचे बारा रकाने आखलेले असणार, आणि ते भरायला तुम्ही तारखा शोधताय. या कॅलेंडरांत तारीख नसतेच. ती आपण मागून चिकटवतो.

मी पेशाने भौतिकशास्त्राचा शिक्षक. मूळचा माण तालुक्यातला, गेली बावीस वर्षं मेलबर्न ज्या राज्यात आहे त्या व्हिक्टोरियात. वर्षातून दोन-तीनदा दुर्बिणी गाडीत घालून मुलांना मॅली नावाच्या भागातल्या सी लेक गावाजवळच्या टिरेल तळ्यावर नेतो. मेलबर्नपासून वायव्येला साधारण साडेतीनशे किलोमीटर. या लोकांच्या ज्ञानावर बोलायचा अधिकार माझा नाही, तो त्यांचाच. मी फक्त आकाशाच्या बाजूने हे पडताळून पाहिलंय, थोडंफार जमिनीच्या बाजूनेही, आणि त्यात दोनदा तोंडावर आपटलोय. त्या अनुभवावर जे सांगता येईल ते सांगतो.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, तिन्ही खरी. इंग्रज इथे 1788 मध्ये उतरले तेव्हा या खंडावर अडीचशेच्या वर भाषा बोलल्या जात होत्या, आणि ऋतुकॅलेंडर हे ज्या त्या मुलखाचं असतं. तुमच्या हाती लागलेलं सात ऋतूंचं कॅलेंडर बहुधा तुमच्याच परिसरातल्या वुरुंजेरी लोकांचं असावं. त्यात मार्चच्या सुमाराला ‘यूक’ म्हणजे वाम माशाचा ऋतू येतो. वाम तेव्हा चरबीने भरलेली असते आणि नदीतून समुद्राकडे निघते. सहा ऋतूंचं एक गारीवर्डचं, म्हणजे नकाशावर ग्रॅम्पियन्स म्हणून असलेल्या डोंगराचं. तिथेही वामेचाच ऋतू आहे, नाव ‘कूयांग’, पण तो जानेवारीच्या अखेरीपासून मार्चच्या अखेरीपर्यंत पसरलेला. दोन्ही मुलूख एकाच राज्यातले, मासा तोच, तरी ऋतूची लांबी वेगळी. तिसरं पार दुसऱ्या टोकाच्या पर्थकडच्या नूंगार लोकांचं असणार. बिराक, बुनुरू, जेरान, माकुरू, जिल्बा, कंबरांग अशी त्यातली नावं. शाळांतून हेच सगळ्यात जास्त फिरतं, कारण ते दोन-दोन महिन्यांच्या सहा सारख्या खणांत छान बसतं. पण खण सारखे दिसतात ते भिंतीवरच्या तक्त्याच्या सोयीसाठी. पर्थकडे ‘मूजा’ नावाचं झाड भगव्या-पिवळ्या फुलांनी पेटल्यासारखं दिसू लागलं की ऊन येतंय हे कळतं. ते झाड काही एक तारखेला फुलत नाही.

वुरुंजेरी कॅलेंडरातली एक गोष्ट मुलीला आवर्जून दाखवा. वर्षाच्या सात ऋतूंशिवाय त्यात आणखी दोन ऋतू आहेत, एक आगीचा आणि एक पुराचा. आगीचा साधारण सात वर्षांनी, पुराचा साधारण अठ्ठावीस वर्षांनी. बारा रकान्यांच्या कागदावर हे दोन ऋतू कुठे लिहायचे हे तिच्या बाईंना विचारा. मला तरी त्याचं उत्तर अजून कुठल्या शिक्षकाने दिलेलं नाही, मी स्वतः धरून.

ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला डेली नदीच्या काठचे ङान्गी भाषा बोलणारे लोक आणखी वेगळं करतात. त्यांच्या बऱ्याच ऋतूंची नावं एका उंच गवताच्या अवस्थांवरून आहेत. हे भालागवत कधी उगवलं, कधी फुलोऱ्यावर आलं, कधी वाऱ्याने आडवं झालं, यावर वर्ष चालतं. आपला शेतकरी ज्वारीबद्दल ‘पोटरीत आली’, ‘निसवली’, ‘हुरड्याला आली’ असं बोलतो आणि ऐकणाऱ्याला महिना न सांगता कळतो. ती ओळख आपल्याला आहे, फक्त तिला आपण कॅलेंडर म्हणत नाही.

आता ताऱ्यांकडे येतो. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण माझी आवड तीच आहे आणि मोजून दाखवता येईल अशी गोष्टही तीच आहे.

टिरेल हे व्हिक्टोरियातलं सगळ्यात मोठं खारं तळं. ‘टिरेल’ हा तिथल्या वर्गाया भाषेतल्या आकाशवाचक शब्दावरून आलेला आहे. वर्षातून बराच काळ तळ्यात बोटभर पाणी असतं किंवा नुसतं मीठ, आणि वारा पडला की खाली दुसरं आकाश दिसतं. या तळ्याच्या आसपास बूरोंग नावाचं वर्गाया भाषकांचं कुळ राहायचं. आपल्याइतकं आकाश दुसऱ्या कुणाला कळत नाही, असा त्यांचा अभिमान होता. ही नोंद विल्यम स्टॅनब्रिज नावाच्या गोऱ्या मेंढपाळ-जमीनदाराने केली. त्याने त्याच भागात जमीन अडवली होती आणि तिथल्या एका बूरोंग कुटुंबाकडून शेकोटीपाशी बसून हे शिकून घेतलं. सप्टेंबर 1857 मध्ये मेलबर्नच्या एका विद्वत्सभेत त्याने त्यावर निबंध वाचला. चाळीसच्या आसपास तारे, तारकासमूह आणि आकाशातल्या इतर गोष्टींची नावं त्यात आहेत.

इथेच एक अट घालून ठेवतो. बूरोंगांच्या आकाशाबद्दल आज जे काही सांगितलं जातं, त्यातलं बहुतेक या एका माणसाच्या थोडक्या पानांवर उभं आहे. सांगणाऱ्या कुटुंबातल्या माणसांची नावं त्याने लिहिली नाहीत. त्याच्यासारख्यांच्या मेंढ्यांनीच त्या लोकांचं रान संपवलं, हेही विसरता येत नाही. पुढे 1996 मध्ये जॉन मोरिसन यांनी मेलबर्न विद्यापीठात या आकाशावर प्रबंध लिहिला आणि ती नावं पुन्हा लोकांसमोर आली. तेव्हा ‘बूरोंग असं मानत’ हे वाक्य मी नेहमी थोडं हलक्या हाताने लिहितो, तुमच्या मुलीनेही तसंच लिहावं.

स्टॅनब्रिजच्या यादीतल्या दोन बायका आपल्या कामाच्या. एक मार्पिअन-कुर्क, म्हणजे आपली स्वाती. दुसरी नेयलोअन, म्हणजे अभिजित आणि त्याच्या आजूबाजूचे तारे. मार्पिअन-कुर्कने ‘बित्तुर’ शोधून काढलं आणि ते कधी, कुठे मिळतं हे लोकांना शिकवलं. बित्तुर म्हणजे लाकडातल्या मुंग्यांचे कोश. ऑगस्ट-सप्टेंबरात, जेव्हा बाकी काही मिळायची मारामार, तेव्हा त्यांच्यावर दिवस निघायचे. (नाक मुरडू नका. आपल्या गडचिरोलीत लाल मुंग्यांची चटणी आवडीने खातात.) नियम असा की संध्याकाळी मार्पिअन-कुर्क उत्तरेला दिसली की बित्तुरचे दिवस येतायत, आणि ती सूर्याबरोबर मावळू लागली की बित्तुर संपलं, उन्हाळा लागला.

हा नियम मी गणित करून पाहिला. टिरेल तळं साधारण 35 अंश दक्षिण अक्षांशावर आहे. तिथून स्वाती ऐन उत्तरेला असताना क्षितिजापासून जेमतेम 35-36 अंश वर असते. अंधार पडताना ती बरोबर उत्तरेला असण्याचे दिवस जुलैच्या उत्तरार्धापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत येतात. सूर्याबरोबर मावळण्याचा दिवस ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात येतो. दोन्हींच्या मधे पडतात ऑगस्ट आणि सप्टेंबर. 1857 पासून आजपर्यंत पृथ्वीचा आस थोडा फिरलाय, पण त्याने दीड-दोन दिवसांचाच फरक पडतो, म्हणजे नियम आजही तसाच लागू आहे. हे गणित पहिल्यांदा जुळलं त्या रात्री मी झोपलो नाही हे कबूल करतो.

नेयलोअनची गोष्ट याहून बारकाईची आहे. तिच्या नावातला ‘लोआन’ म्हणजे मॅलीफाउल, गावठी कोंबड्याहून थोडा मोठा, राखी-तपकिरी ठिपक्यांचा पक्षी. मॅली म्हणजे इथली ठेंगण्या निलगिरींची झाडी, तिच्यावरूनच या भागाला नाव पडलं. एकाच गड्ड्यातून सात-आठ बुंधे वर येतात, उंची फार नाही, खाली वाळू. या वाळूत नर लोआन तीन ते पाच मीटर रुंदीचा ढिगारा उभारतो. आधी खड्डा, त्यात पालापाचोळा, पावसात तो भिजू देतो आणि वर वाळू लोटतो. पाला कुजून ऊब धरतो, पुढे उन्हाने. मादी त्यात अंडी घालते आणि निघून जाते. नर वर्षाचे नऊ-दहा महिने त्या ढिगाऱ्यापाशी राबतो, वाळू उकरतो, पुन्हा लोटतो, आणि आतली उष्णता 33-34 अंशांवर ठेवतो. उकिरड्यात खत कुजताना हात घालून पाहिला असेल तर ही ऊब कशी असते ते तुम्हाला माहीत असेल. पिलू बाहेर आलं की वाळूतून आपलं आपण वर येतं आणि झाडीत पळतं. आई-बाप दोघांनाही ते ओळखत नाही.

नेयलोअन फेब्रुवारीच्या शेवटी, मार्चच्या सुरुवातीला पहाटे ईशान्येला पहिल्यांदा दिसते. जमिनीवर लोआनाचं उकराउकरीचं काम त्यानंतर रंगात येतं. हिवाळाभर ती उत्तर क्षितिजावरून सरकत राहते. टिरेलहून ती जास्तीत जास्त 16 अंश वर येते, म्हणजे हात लांब करून धरलेल्या दीड मुठीएवढी. आपल्या पुण्यात अभिजित सत्तर अंशांवर, जवळपास डोक्यावर येतो. इथे तो जमिनीवरून चालणाऱ्या पक्ष्यासारखा खालून खालून जातो. एप्रिलच्या उत्तरार्धात त्याच भागातून एक उल्कावर्षावही होतो. त्या उल्का म्हणजे लोआनाच्या पायांनी उडणारी वाळू, असं मोरिसन यांनी सुचवलंय. खरं-खोटं कोण सांगणार, पण वाळू उडवणारा लोआन पाहिलेल्या माणसाला ते पटतं.

आणि मग ऑक्टोबर संपता संपता ती संध्याकाळच्या उजेडात विरून जाते. स्टॅनब्रिजने लिहिलंय ते थोडक्यात असं, की नेयलोअन सूर्याबरोबर मावळते तेव्हा जमिनीवर अंड्यांचे दिवस असतात.

इथे एक गोष्ट मला बरीच वर्षं खटकत होती. लोआन अंडी घालायला सप्टेंबरातच सुरुवात करतो. मग तारा इतक्या उशिरा का सांगतो? पुढे डोक्यात उजेड पडला. मादी एका वेळी एकच अंडं घालते, दोन अंड्यांमध्ये साधारण आठवडा जातो, आणि एकेक अंडं उबायला सुमारे दोन महिने लागतात. सप्टेंबरात ढिगारा उकरला तर एखादं अंडं मिळणार, आणि पक्षी बिचकला तर हंगाम गेला. नोव्हेंबरच्या पुढे गेलात तर सुरुवातीच्या अंड्यांत पिलू धरलेलं असणार. ऑक्टोबरच्या अखेरीला मात्र ढिगाऱ्यात चार-सहा अंडी असतात, काही घेतली आणि काही ठेवली तरी भागतं, आणि मादी पुढेही घालतच राहते. तेव्हा तारा ‘अंडी सुरू झाली’ म्हणत नसावा, ‘आता घ्यायला हरकत नाही’ म्हणत असावा. हा माझा तर्क आहे, बूरोंगांनी सांगितलेला नाही. प्रकल्पात घ्यायचा असेल तर तर्क म्हणूनच घ्या.

आता माझ्या दोन फजित्या, कारण तुमच्या तारखांच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

पहिल्या वर्षी मी मुलांसाठी छान तक्ता केला होता. कुठला तारा कुठल्या तारखेला किती वाजता, मिनिटांसकट. संगणकावर अक्षांश मेलबर्नचाच होता, पण क्षितिज सपाट धरलेलं. शाळेच्या मैदानावर चाळीस मुलं उत्तरेकडे तोंड करून उभी, आणि अभिजितच्या जागी निलगिरीची रांग आणि मागे रस्त्याच्या दिव्यांचा पिवळा धूर. तो त्या रात्री दिसलाच नाही. तेरा अंशांवरचा तारा शहरातून दिसेल हे मी गृहीत धरलं होतं. पुण्याचा अभिजित डोक्यात होता ना.

दुसरी फजिती जास्त शिकवून गेली. त्या वर्षी आकाश स्वच्छ होतं, नेयलोअन गणिताप्रमाणे मावळतीला आली होती, आणि वाय्परफेल्ड राष्ट्रीय उद्यानाच्या बाजूला लोआनाच्या ढिगाऱ्यांची नोंद ठेवणाऱ्या एका स्वयंसेवक बाईंबरोबर मी मोठ्या ऐटीत निघालो. ‘तारा सांगतोय, आता अंडी असणार.’ पहिला ढिगारा थंड. दुसऱ्यावर गवत उगवलेलं. तिसऱ्यावर नर होता पण पाल्याचा पत्ता नव्हता. त्या हिवाळ्यात पाऊसच झाला नव्हता, पाला भिजला नाही, कुजला नाही, ऊब धरलीच नाही. दुष्काळी वर्षात हा पक्षी हंगाम सोडून देतो. बाई एवढंच म्हणाल्या, ‘वर बघून आलात, खाली बघितलं का?’

तेव्हापासून मी मुलांना असं सांगतो: तारा दरवर्षी वेळेवर येतो, म्हणूनच तो एकटा पुरत नाही. तो सांगतो की आता लोआनाकडे लक्ष द्यायची वेळ झाली. या वर्षी अंडी आहेत की नाहीत हे ढिगाराच सांगणार. तारा, पाऊस, पाला, पक्ष्याची हालचाल, हे सगळे साक्षीदार एकत्र बोलले म्हणजे ऋतू लागला. एक जरी गप्प असेल तर थांबायचं. आमच्याकडे माणमध्ये आजोबा हेच करायचे. मृग निघाला म्हणून कुणी पेरत नसे. पावशा ‘पेरते व्हा’ ओरडला का, मुंग्या अंडी घेऊन वर चढल्या का, ढेकूळ हातात फुटतं की चिकटतं हे पाहून मग तिफण बाहेर निघायची.

यावरून तुमच्या तिसऱ्या प्रश्नाकडे, हे आपल्या नक्षत्रांसारखंच आहे का. थोडं आहे, पण जिथे नाही तिथेच गंमत आहे. आपण ‘मृग निघाला’ म्हणतो ते 7-8 जूनला, सूर्य त्या नक्षत्रात शिरतो तेव्हा. म्हणजे ज्या दिवसांना मृगाचं नाव आहे त्या दिवसांत मृग आकाशात दिसतच नाही, तो सूर्याच्या उजेडात बुडालेला असतो. आपलं पावसाचं नक्षत्र हिशोबाने काढलेलं, पंचांगात वाचायचं. बूरोंगांचा तारा डोळ्यांनी पाहायचा, आणि तो कधी दिसेनासा होतो हेही डोळ्यांनीच. हिशोबाचं नक्षत्र पुण्यात आणि नागपुरात एकाच दिवशी लागतं, डोळ्यांचं मात्र पाय कुठे आहेत त्यावर ठरतं. स्वाती मॅलीतून ऑक्टोबरच्या सुरुवातीला सूर्याबरोबर मावळते. पुण्यात तोच तारा ऑक्टोबरच्या शेवटापर्यंत संध्याकाळी पश्चिमेला दिसत राहतो, सुमारे महिनाभराचा फरक. ‘पडतील स्वाती तर पिकतील माणिक-मोती’ ही म्हण मॅलीत नेऊन काही उपयोग नाही.

पण डोळ्यांनी पाहायचे तारे आपल्याकडेही होते, आपण ते विसरलो इतकंच. पंचांगात अजूनही ‘अगस्ति दर्शन’ आणि ‘अगस्ति लोप’ छापतात. अगस्त्याचा तारा पहाटे पुन्हा दिसू लागला की पावसाचं गढूळ पाणी निवळतं, असं आपल्याकडे जुन्या काळापासून मानतात. ही अगदी बूरोंगांच्या धाटणीची गोष्ट आहे. आणि आता मेलबर्नमध्ये याची काय अवस्था ते पाहा. तुमच्या घरावरून अगस्त्य कधीच मावळत नाही. दक्षिण क्षितिजाला जवळपास घासून जातो, पण खाली जात नाही. त्यामुळे त्याचं दर्शन नाही आणि लोपही नाही. तीनशे किलोमीटर उत्तरेला टिरेलवर तोच तारा दोनेक अंश बुडतो. दक्षिण गोलार्धातल्या आपल्या लोकांकडे भिंतीवर पुण्या-मुंबईचं पंचांग असतं, त्यावर हरकत नाही, पण त्यातला अगस्ति लोप वाचून मला दरवर्षी हसू येतं.

बूरोंगांचा अगस्त्य ‘वार’ होता, म्हणजे कावळा, ज्याने माणसांसाठी पहिल्यांदा आग आणली. त्याच्या बायकोचा तारा स्टॅनब्रिजने मोठा तांबडा म्हणून नोंदवला. आज त्या जागी मोठा तारा नाही. तिथे ईटा कॅरिनी आहे, जो 1843 मध्ये व्याधाच्या खालोखाल तेजस्वी झाला होता आणि नंतर विझत गेला. म्हणजे बूरोंगांनी त्या काळात अचानक उजळलेल्या ताऱ्याला आपल्या घरात सून म्हणून घेतलं असावं. परंपरा म्हटलं की आपण हजारो वर्षं न हललेली गोष्ट डोळ्यांसमोर आणतो. इथे तर आकाशात बदल झाला आणि गोष्टीत लगेच जागा झाली. हे ऋतूंशी थेट जोडलेलं नाही, पण सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

एक आणखी उदाहरण द्यावंसं वाटतं, कारण मुलांना ते चटकन दिसतं. न्यू साउथ वेल्सच्या उत्तर भागातले कामिलरोई आणि युवालयाई लोक आकाशगंगेतल्या नुसत्या ताऱ्यांकडे पाहत नाहीत, मधल्या काळ्या पट्ट्यांकडेही पाहतात. त्या पट्ट्यांत एमू पक्षी आहे. दक्षिणेच्या स्वस्तिकाशेजारचा (इंग्रजीत सदर्न क्रॉस) काळा डाग हे डोकं, तिथून लांब मान, वृश्चिकापाशी धड. एप्रिल-मे महिन्यांत अंधार पडल्यावर तो पायांसकट धावताना दिसतो, तेव्हा जमिनीवर माद्या नरांमागे धावत असतात. जून-जुलैत पाय दिसेनासे होतात, मग तो नर आहे, अंड्यांवर बसलेला. एमूतही अंडी नरच उबवतो. बूरोंगांनाही हा काळा एमू माहीत होता, नाव ‘चिंगाल’, पण त्यांच्या गोष्टीत तो क्रूर आहे, त्याच्या भीतीने एक पॉसम, म्हणजे इथला झाडावर राहणारा छोटा प्राणी, झाडावर चढून बसलाय. एकच काळा डाग, एका मुलखात ऋतू सांगतो आणि दुसऱ्यात भीती. म्हणून ‘ऑस्ट्रेलियन आदिवासी असं मानतात’ असं वाक्य प्रकल्पात कुठेही नको. वुरुंजेरी, बूरोंग, कामिलरोई, जे असतील त्यांचं नाव घ्या.

आता कामाचं. तुमच्या जागी मी असतो तर एकच मुलूख निवडला असता, तुमचाच. वुरुंजेरींचे सात ऋतू गोल आकारात काढा, रकान्यांत नको, आणि दोन ऋतूंमधली रेघ पुसट ठेवा. प्रत्येक ऋतूसमोर महिना लहान अक्षरात आणि खूण मोठ्या अक्षरात. आगीचा आणि पुराचा ऋतू वर्तुळाबाहेर काढा. त्याखाली ताऱ्यांसाठी टिरेलचं उदाहरण वेगळ्या चौकटीत, त्या जागेच्या नावासकट, म्हणजे दोन मुलखांची मिसळ होणार नाही. आणि कॅलेंडर कुणाचं, ते कुठून घेतलं, हे स्वच्छ लिहा. इथे हे शिष्टाचारापुरतं नाही. ऋतूंचं ज्ञान त्या त्या लोकांच्या मालकीचं मानलं जातं, शाळेच्या भिंतीवर लावणं वेगळं आणि न विचारता त्याचे कप आणि टी-शर्ट छापून विकणं वेगळं. शिवाय हे लोक ‘होते’ असं लिहू नका. वर्गाया धरून पाच समूहांचा जमिनीशी असलेला हक्क 2005 मध्ये न्यायालयाने मान्य केलाय, ते आहेत.

तिने स्वतः काही पाहावं असं वाटत असेल तर ऑगस्टचे दिवस चांगले. पहिल्या आठवड्यापासून सुरुवात करा. सूर्य मावळल्यावर तासाभराने उत्तरेकडून किंचित पश्चिमेला सरकलेला नारिंगी ठळक तारा ही तुमची स्वाती, मार्पिअन-कुर्क. ती दर आठवड्याला त्याच वेळी थोडी आणखी खाली दिसेल. त्याच खिडकीतून, त्याच वेळी, दर शनिवारी तिची उंची मुठीने मोजून वहीत लिहायला सांगा. सप्टेंबरच्या शेवटी शेवटी एका शनिवारी ती सापडणार नाही. त्याच दिवशी अंगणात काय फुललंय, कुठला पक्षी ओरडतोय तेही लिहा, मॅगपाय बहुतेक तेव्हा डोक्यावर झेपावत असतील. अभिजितसाठी मात्र जरा धीर हवा. ऑगस्टच्या सुरुवातीला तो रात्री दहाच्या सुमारास ऐन उत्तरेला येतो, सप्टेंबरच्या सुरुवातीला आठच्या सुमारास. उंची एक मूठ आणि वर दोन बोटं. तुमच्या उत्तरेला घरं असतील तर समुद्राकडे जाऊन उपयोग नाही, कारण मेलबर्नचा समुद्र दक्षिणेला आहे. शहराच्या उत्तरेच्या कडेला एखाद्या मोकळ्या टेकाडावर गाडी थांबवा, दिवे मागे राहतील अशी जागा पाहून.